काळी चार म्हणजे कितवा फ्रेट?

मंडळी, आजचा विकांती लेख गिटारबद्दल आहे, पण सुरुवात पेटीपासून करावी लागणार आहे. इलाज नाही. पुण्या-मुंबईत गिटार शिकणाऱ्या पोराची गाठ पहिल्यांदा ड्रमवाल्याशी पडते. अमरावती-अकोल्याकडे ती पडते पेटीवाल्या काकांशी. कॉलनीतला गणपती, नवरात्र, श्रावणातलं भजन, कुणाच्या तरी घरची पूजा... कुठेही गिटार घेऊन बसा, समोर पेटी असणारच. आणि पेटीवाले काका मान वर न करता विचारणार, "हं भाऊ, पट्टी कोणती?"

इथे आमच्या गिटारवाल्यांची बोलती बंद होते. कारण आपल्याला येतं जी, सी, डी, ई मायनर. काकांना येतं पांढरी एक, काळी दोन, काळी चार. दोघंही त्याच बारा सुरांबद्दल बोलतायत, पण एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही. मग एक मित्र दुसऱ्याच्या कानात कुजबुजतो, "अबे, काळी चार म्हंजे कोणता कॉर्ड?" आणि दुसरा तितक्याच गंभीरपणे म्हणतो, "मले काय माहीत! तू जी वाजव, पाहू मंग." त्यानंतर जे ऐकू येतं त्याला भजन म्हणवत नाही.

ही गंमत वाटते खरी, पण हा भाषांतराचा प्रश्न चांगला चारशे वर्षं जुना आहे आणि तो सोडवणारे लोक बहुतेक आपल्यासारखेच हौशी होते, असं वाचता वाचता लक्षात आलं. म्हणून हा उद्योग.

आधी कामाचं सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना इतिहास नको त्यांना इथूनच सटकता येईल :) पेटीची पांढरी एक म्हणजे सी. तिथून पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या मोजायच्या आणि काळ्या वेगळ्या. पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. बस्स, एवढंच. गाणारे पुरुष बरेचदा काळी एकच्या आसपास असतात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. म्हणजे नेमक्या अशा जागा, जिथे गिटारवर एकही सोपा मोकळा कॉर्ड नाही! पेटीवाल्याची लाडकी पट्टी आणि गिटारवाल्याची लाडकी पट्टी यांचा कायमचा छत्तीसचा आकडा.

यावर उपाय म्हणजे कॅपो, तो दांडीवर आवळायचा चिमटा. एक फ्रेट म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी, काळी-पांढरी असा भेद न करता. काळी एक हवी असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि बोटं सीची, किंवा चौथ्यावर आणि बोटं एची. काळी दोनला पहिल्यावर डी किंवा तिसऱ्यावर सी. काळी तीनला दुसऱ्यावर ई. काळी चारला पहिल्यावर जी किंवा चौथ्यावर ई. काळी पाचला पहिल्यावर ए किंवा तिसऱ्यावर जी. हे गिटारच्या केसमध्ये एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. गाणाऱ्या काकूंना "जरा खालच्या पट्टीत घ्या ना, मला जी सोपा पडतो" असं म्हणणारे गिटारवाले मी पाहिलेत. हे माझ्या मते अक्षम्य आहे. गळा माणसाला एकच मिळतो, आणि कॅपो दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

तर आता इतिहास.

स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ मोनिस्त्रोल नावाचं गाव आहे. तिथल्या जुआन कार्लोस आमात नावाच्या माणसानं १५९६ च्या सुमारास गिटारवर एक छोटंसं पुस्तक काढलं. आमात हा पेशानं डॉक्टर. दरबारी संगीतकार नाही, चर्चचा वादकही नाही. तेव्हाच्या गिटारला पाच जोडतारा असत (आपल्या सहा एकेरी तारा १८०० च्या आसपास रूढ झाल्या). आमातनं केलं काय, तर बारा सुरांवरचे बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड घेतले आणि त्यांना सरळ आकडे देऊन टाकले. कुठलं बोट कुठे ते सांगितलं आणि वर एक तक्ता दिला, की अमुक चाल या आकड्यापासून सुरू केली तर पुढचे आकडे हे, त्या आकड्यापासून केली तर ते. म्हणजे स्वरलिपी न येणारा माणूसही कुठल्याही पट्टीत साथ करू शकेल. आपण केसमध्ये ठेवायची ती चिठ्ठी चारशे वर्षांपूर्वी या डॉक्टरसाहेबांनी छापून ठेवली होती! ते पुस्तक पुढे जवळजवळ दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जात होतं. कुठलं तांत्रिक पुस्तक टिकतं हो इतकं? आमच्या धंद्यात तर पाच वर्षं टिकलं तरी लोक त्याला क्लासिक म्हणतात.

तिकडे इटलीत १६०६ साली मोंतेसार्दो नावाच्या माणसानं फ्लॉरेन्सला असंच पुस्तक छापलं, फक्त आकड्यांऐवजी अक्षरं वापरून. गाण्याचे शब्द आणि शब्दांवर अक्षर. डोळ्यांसमोर काय आलं? बरोबर, आपली कॉर्डची वही. फक्त ती अक्षरं सुरांची नव्हती, बोटांच्या आकाराची होती. त्यात 'ए' म्हणजे आपला जी मेजर, 'बी' म्हणजे सी आणि 'सी' म्हणजे डी. आजच्या पोराच्या हाती ते पुस्तक दिलं तर तो अख्खं गाणं चुकीचं वाजवेल आणि वर पुस्तकाला नावं ठेवेल. कॅपोचा शब्दही याच काळातला. इटालियन पंडित दोनी यांच्या १६४० च्या लिखाणात तो आलाय.

जाणकारांना हे सगळं आवडलं असेल असं वाटतं का? छे! कोवाररूबियास या स्पॅनिश कोशकारानं १६११ च्या आपल्या कोशात गिटारला गुरांच्या गळ्यातल्या घंटेच्या पंक्तीला बसवलं. त्याचं दुःख असं की, हे वाद्य इतकं सोपं की तबेल्यातली पोरंही वाजवायला लागलीत. मला विचाराल तर गिटारला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक!

नेमकी हीच तक्रार तीनशे वर्षांनी आपल्याकडे झाली, पण पेटीबद्दल. पेटी इथली नव्हेच. अलेक्सांद्र दबँ यानं १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ती पायानं भाते मारायची. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ती हिंदुस्तानात आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातानं वाजवायचं, मांडी घालून बसायचं रूप दिलं. तिथून ती जी सुटली ती थेट खेड्यापाड्यांत. मराठी संगीत नाटकानं तिला डोक्यावर घेतलं, गोविंदराव टेंब्यांसारखा (१८८१–१९५५) कलावंत तिला मिळाला, आणि भजनी मंडळांनी तर तिला आपली लेकच मानलं.

पण पंडितांचा राग होता. तो निव्वळ सोवळेपणाचा नव्हता, त्यामागे गणित होतं. आणि तेच गणित गिटारच्या फ्रेटमागे आहे, म्हणून दोन मिनिटं सहन करा.

सप्तक बारा सारख्या भागांत कापायचं तर प्रत्येक पायरी दोनच्या बाराव्या मुळाची, म्हणजे सुमारे १.०५९५. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट वरच्या टोकापासून साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो. हे आज कॅल्क्युलेटरवर करता येतं. पण गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली (हो, तोच गॅलिलिओ! वडील ल्यूट वाजवायचे) यांनी १५८१ च्या ग्रंथात सुताराला जमेल असा नियम दिला होता. उरलेल्या तारेचे अठरा भाग करा, एक भाग सोडून फ्रेट ठोका, पुन्हा उरलेल्याचे अठरा. मी करून पाहिलं. याप्रमाणे बारावा फ्रेट ३२५ ऐवजी ३२७.४ मिलिमीटर तार उरवतो, म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक. तार दाबताना ती थोडी ताणून चढते, त्यात हा फरक बराचसा खपूनही जातो. आता याला काय म्हणायचं? आमच्या भाषेत 'प्रॉडक्शनमध्ये चालतंय ना, मग हात लावू नका'.

तर अशा सारख्या बारा भागांत षड्ज-पंचम जवळजवळ बरोबर येतात, पण शुद्ध गंधार चढा येतो. सेंट या मापात सांगायचं तर सप्तकाचे १२०० सेंट, तंबोऱ्यातून निघणारा गंधार ३८६ वर आणि पेटी-गिटारचा ४०० वर. चौदा सेंट चढा. शिवाय पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत. यावर आपल्याकडे ज्यांनी जीव काढला ते लोक कोण होते बघा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यांचे जोडीदार अर्नेस्ट क्लेमंट्स, आयसीएस साहेब, म्हणजे इंग्रज सरकारचे अधिकारी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर मोजमापं करून या मंडळींनी श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, पण तिथल्या जाणकारांना ती काही पटली नाही. ती परिषद घडवून आणणारे भातखंडे स्वतः वकील! पुढे आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा हाती घेऊन पेटंटपर्यंत नेणारे विद्याधर ओक डॉक्टर. स्पेनमधले आमात डॉक्टर, इथले ओक डॉक्टर. इंजिनियर लोकांनीही आता काहीतरी करायला हवं बुवा.

हा वाद पंडितांपुरता राहिला नाही. ऑल इंडिया रेडिओनं मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. ही बंदी उठायला १९७१ उजाडलं. आता वऱ्हाडाच्या जागी बसून विचार करा. १९४८ साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, इकडे लोक ते कानाला लावून ऐकायचे. त्या स्टुडिओत पेटीला मज्जाव. आणि त्याच वेळी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात, जिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ साली आश्रम काढला, खंजिरीवर भजनं चालली होती आणि गावोगावच्या मंडळांत खंजिरीच्या जोडीला पेटी बसलेली होती. गावच्या मंडळाला श्रुती मोजायच्या नव्हत्या. दिवसभर शेतात राबलेल्या पंधरा-वीस माणसांना एका सुरात आणायचं होतं, आणि ते काम पेटी करत होती. चौदा सेंटांचा हिशेब खरा, पण गायला बसलेल्या माणसांचा हिशेबही धरला पाहिजे की नाही? बंदी घालणाऱ्यांनी तो धरला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिटारवाल्यांसाठी यात एक आनंदाची बातमी लपली आहे. पेटीचा गंधार जितका चढा, तितकाच आपलाही. दोघांचा दोष एकच, त्यामुळे दोघं एकमेकांशी भांडत नाहीत. फक्त मोबाईलमधल्या ट्यूनरवर विसंबू नका. तो ए हा सूर ४४० कंपनांवर धरतो. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९५५ साली तसं ठरवलं, पण मंदिरातल्या पेटीला ते कुणी कळवलेलं नसतं. काकांना पांढरी तीन धरून ठेवायला सांगा आणि कॅपो न लावता आपल्या सर्वात जाड आणि सर्वात बारीक तारा तिला लावून घ्या (दोन्ही ई आहेत). बाकीच्या तारा मग आपसांत. एका काकांनी मला हे फार छान सांगितलं होतं, "भाऊ, तुमची मशीन बराबर असन, पन आज मालक पेटी हाये."

आता प्रश्न येतो, की गिटार इकडे आली कुठून. आपल्या अंगणातलंच दार म्हणजे गोवा. पोर्तुगीजांच्या काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी शिकवली जायची. तिथून शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, सरगम सांगायचा. हे लोक ती युरोपियन लिपीत उतरवून वादकांपुढे ठेवायचे आणि खाली कॉर्ड भरायचे. म्हणजे पेटी आणि गिटारमधलं भाषांतर हाच त्यांचा धंदा होता. फरक इतकाच, की त्यांना ते येत होतं :)

छोट्या शहरांत मात्र बराच काळ 'गिटार शिकतो' म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी दांडीनं वाजवायची हवाईयन गिटार. जोसेफ केकुकू या हवाई बेटांवरच्या शाळकरी पोरानं १८८९ च्या सुमारास ही तऱ्हा शोधली असं मानतात. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या देशभर वाजायच्या. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ब्रिजभूषण काब्रांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीनं तिच्यावर राग वाजवून दाखवले. तिच्यात फ्रेटचा जाच नाही, मींड निघते, म्हणजे पंडितांच्या दोन्ही तक्रारी मिटल्या. तरीही ती मागे पडली. १९७३ च्या 'यादों की बारात'मध्ये झीनत अमाननं उभी गिटार हातात घेतली, त्यानंतर मांडीवरच्या गिटारकडे कोण बघणार? हा माझा सिद्धांत आहे, पुरावा मागू नये.

परत भजनाकडे. पट्टी जुळली तरी दुसरं संकट असतं. भजनाला कॉर्ड नसतात. शेवटी भैरवी आली की रे, ग, ध, नी सगळे कोमल, आणि आपण तिथे ऐटीत मेजर कॉर्ड ओढला तर शुद्ध गंधार डोळ्यात कुसळ गेल्यासारखा टोचतो. पुस्तकात काय लिहिलंय ते सोडा, यावर सर्वात सुरक्षित उपाय म्हणजे फक्त सा आणि प. कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ई मेजर धरलाय (म्हणजे काळी चार), असं समजा. त्यात तिसऱ्या तारेवर जे बोट असतं, तिथेच गंधार राहतो. बोट ठेवलं तर शुद्ध, उचललं तर कोमल. म्हणून ती तार शेजारच्या बोटानं हलकेच अडवून मुकी करा. बाकी पाचही तारा सा आणि प म्हणतात, आणि तुमची गिटार थोडीशी तंबोऱ्यासारखी वागायला लागते. पुरुष गात असतील आणि काळी एक असेल तर कॅपोही नको. सगळ्या तारा एक-एक पट्टी उतरवा, सर्वात जाड तार आणखी दोन पट्ट्या उतरवा, आणि डीची बोटं धरा. खालच्या तीन जाड तारा मोकळ्या छेडल्या की सा, प, सा. खंजिरी सुरू झाली की तिच्या ठेक्यावर फक्त एवढंच वाजवा. हात शिवशिवतो, कॉर्ड बदलावासा वाटतो, पण थांबा. मंडळातली माणसं मागे वळून बघायला लागली की समजा गिटार जास्त झाली.

उतरवलेल्या तारांचा आणखी एक फायदा खास आपल्या प्रदेशासाठी आहे. स्टीलच्या सहा तारा मिळून दांडीवर साधारण ७० किलोचा ताण देतात. एक जाडजूड माणूस गिटारच्या टोकाला चोवीस तास लटकलेला आहे असं समजा. १९२३ साली गिब्सन कंपनीनं दांडीच्या आत लोखंडी सळई घालायचं पेटंट मिळवलं, ते याच ताणासाठी. पण ते अमेरिकेतल्या हवेत. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी हवेत दमटपणा नावालाही नसतो. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात, पुलाजवळ फट दिसायला लागते. गिटारला साधारण ५० टक्के दमटपणा मानवतो, त्यामुळे उन्हाळ्यात ती केसमध्येच ठेवायची. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडायची, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवायचा आणि डबी केसमध्ये गिटारच्या डोक्याजवळ. दर दोन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला. बंद गाडीच्या डिक्कीत गिटार ठेवून बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंतसुद्धा दुपारी जाऊ नका, डिंक मऊ होतो आणि पूल उचलला जातो.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कूलर. आपल्याकडे घरात सगळ्यात गार जागा कूलरसमोरची, म्हणून माणसं आपल्याबरोबर गिटारही तिथेच टेकवतात. दिवसभर कोरड्या हवेत आकसलेलं लाकूड, संध्याकाळी समोरून ओल्या ताट्यांची वाफाळ हवा, आणि रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. चार-पाच उन्हाळ्यांत अशा गिटारचं पोट फुगलेलं मी दोन घरांत बघितलंय. पेटीचंही तेच होतं बरं का, तिच्या स्वरपट्ट्या फुगून अडकतात. म्हणून पेटीवाले काका पेटी नेहमी आतल्या खोलीत, कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवतात. त्यांच्या कपाटात शेजारी जागा असेल तर विचारून बघा.